कान फुटू नये म्हणून

क्षितिजाने पहिला घास तोंडात घातला, तशी टेबलाभोवतीची तिन्ही माणसं तिच्या तोंडाकडे बघू लागली. सासू कमळ, सासरे केसरीनाथ आणि नवरा भावेश. हायवेवरच्या त्या फॅमिली रेस्टॉरंटात समोर ठेवलेला पदार्थ पिझ्झा होता, निदान मेनूकार्डावर तरी तसं लिहिलं होतं. त्यावर किसलेला कोबी होता, सॉसची वेलबुट्टी होती आणि मधोमध केकवर ठेवतात तसली एक लाल चेरी.

"कसा हाय?" कमळने विचारलं.

"ठीक आहे, आई."

ठीक म्हणजे न्हाय, असा निकाल देऊन कमळने पर्स उचलली. भिवंडीतलं हे तिसरं ठिकाण होतं. उरलेला पिझ्झा केसरीनाथने चेरीसकट संपवला, कारण टाकून उठणं त्याच्या रक्तात नव्हतं.

हे सगळं सुरू झालं एका फोनमुळे. क्षितिजा डोंबिवलीत वाढलेली, लग्न होऊन भिवंडीजवळच्या मानकोलीला आलेली, तिला पाचवा महिना होता. कॉलेजातल्या मैत्रिणीशी बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, की आत्ता कुणी पिझ्झा दिला तर काय मजा येईल. पाच मिनिटांनी ती ते विसरलीही असती. पण मागच्या दारी कमळ बोंबील साफ करत बसली होती. तिने ते ऐकलं, हातातला बोंबील तसाच ठेवला आणि घरात येऊन जाहीर केलं, की सुनेला डोहाळा लागलाय.

डोहाळा अपुरा राहिला तर बाळाचा कान फुटतो, असं सगळेच म्हणतात. कमळने ते भोगलं होतं. भावेश चार महिन्यांचा असताना त्याचा डावा कान वाहू लागला. लसणाचं तेल झालं, डॉक्टर झाले, नवस झाले. दहा वर्षांनी कान वाहायचा थांबला आणि जाताना ऐकू येणंही घेऊन गेला. तेव्हा कमळच्या सासूने चारचौघींत सांगितलं होतं, हिने पोटात काहीतरी ठेवलं, ते पोराच्या कानातून बाहेर आलं. अजूनही भावेश जेवताना डाव्या बाजूने मारलेल्या हाकेला ओ देत नसे, तेव्हा तिचा हात क्षणभर थांबायचा.

क्षितिजा बीएस्सी झालेली. कान जंतूंमुळे फुटतो, डोहाळ्यांमुळे नाही, असं तिने एकदा समजावून पाहिलं. कमळने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या जंतूंना माझाच पोर गावला?" तेव्हापासून ती निमूटपणे गाडीत बसू लागली.

चांगला पिझ्झा ठाण्यात मिळतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोटुशीने खाडी ओलांडायची नाही, हा घरचा नियम होता. तिथल्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, आम्ही खाडीपलीकडे डिलिव्हरी देत नाही. म्हणजे नियम दोन्हीकडून पक्का. शेवटी भावेशने बाइकवरून एक पिझ्झा आणला. खाडीवरच्या कशेळीच्या पुलावर तो तासभर अडकला आणि घरी पोचेपर्यंत पिझ्झाचं पायपुसणं झालं होतं. तो डोहाळ्यात धरायचा नाही, असं कमळने ठरवलं. खोट्या खाण्याने खरा डोहाळा फिटत नाही, हे तिचं शास्त्र.

गंमत म्हणजे या शोधात सगळ्यात जास्त रमली ती कमळच. महिन्याभरापूर्वी जिने पिझ्झा पाहिलाही नव्हता, ती आता तुकड्याची कड उचलून खाली डाग पडलेत का बघायची, चीजची तार किती लांब जाते ते डोळ्यांनी मोजायची आणि वेटरला विचारायची, हे पीठ कधी भिजवलं? वेटर बिचारे मालकाला बोलवायचे.

खऱ्या भट्टीचा पत्ता लावला तो कोळंबी घेऊन येणाऱ्या राहीबाईने. भिवंडीत एका जुन्या बेकरीचा मालक दुबईच्या हॉटेलात आठ वर्षं काम करून आलाय आणि दुपारचे पाव निघाले की त्याच तापलेल्या भट्टीत पिझ्झा लावतो. वर जिना चढून गेलं की पडदा लावलेली फॅमिली रूमसुद्धा हाय, अशी खात्रीही तिने दिली.

रविवारी दुपारी चौघं तिथे पोचले. कमळ लगेच वर गेली नाही. ती पदर खोचून भट्टीच्या तोंडाशी उभी राहिली. "इसमें लकडा कौनसा डालता?" तिने विचारलं. "बबूल का, अम्मा," मालक म्हणाला आणि लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सारताना तिला नीट दिसावं म्हणून जरा बाजूला झाला. कडा फुगल्या, चीज रटरटलं. कमळ घामाने भिजली तरी हलली नाही.

पिझ्झा आणि त्याच्यामागून कमळ वर आली, तेव्हा त्यातून वाफ निघत होती. घरात पहिलं ताट केसरीनाथचं, त्या सवयीने त्याचा हात पुढे गेला. कमळने तो बाजूला केला आणि पहिला तुकडा क्षितिजाच्या ताटलीत ठेवला.

क्षितिजाने खाल्लं. तिने डोळे मिटले, मग दुसरा घास घेतला, मग तिसरा. ठाण्यात तिने असा कधीच खाल्ला नव्हता. कमळ मात्र अजून श्वास रोखून बसली होती.

"मनापासून सांग. माझ्यासाठी बोलू नको."

"मनापासून, आई. हाच."

कमळने डोळ्यांना पदर लावला. क्षितिजाला राहवलं नाही. महिनाभर जिभेवर असलेला प्रश्न तिने विचारला. "आई, भावेशच्या वेळी तुम्हाला काय खावंसं वाटत होतं?"

कमळ आधी हसली. मग म्हणाली, "भाकर."

केसरीनाथला हे पटेना. घरात तांदळाची कोठारं भरलेली, दोन्ही वेळेला भाकरींची चळत लागायची, आणि हिला भाकरीचा डोहाळा? तो थट्टेने तसं म्हणालाही.

"चळत मीच लावायची," कमळ म्हणाली. "अठरा माणसं. मला वाटायचं, तव्यावरची पयली भाकर आपण घ्यावी. गरम. बसून. माझी पाळी यायची तवा ती थंडगार, न्हायतर संपलेली."

"मग सांगायचं ना कुणाला तरी," क्षितिजा म्हणाली.

"काय सांगू? तवा माझ्याच हातात व्हता." ती ताटलीकडे बघत राहिली. "एक दिवस बोलले व्हते. यांनाच. हे जेवत व्हते."

पडद्यापलीकडे कुणीतरी जिना उतरून गेलं. केसरीनाथला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न तो करत होता, हे त्याच्या कपाळावर दिसत होतं, आणि आठवत नाही याचीच त्याला लाज वाटली. त्याने हात पुसले. एक तुकडा उचलला, कडेला धरून, चीज ओघळू न देता, आणि कमळच्या ताटलीत ठेवला.

"पोराचा न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला, "कान माझा फुटला व्हता."

भावेश बापाच्या उजव्या हाताला बसला होता; त्याचा डावा कान बापाकडे. त्याने मान वळवून विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

क्षितिजाने सासूकडे पाहिलं.

"काय न्हाय," कमळ म्हणाली. "मला म्हणतात, गरम हाय तंवर खा."

आणि बाकीच्यांना वाढायचं तसंच ठेवून ती खाऊ लागली.