छिद्राकडे बघा

सुई पत्र्यातून आरपार गेली आणि मधुवंती स्वतःवरच चिडली. कोल्ड्रिंकच्या डब्याचा कापलेला पत्रा खोडरबरावर ठेवायचा, सुईचं नुसतं टोक उमटेल एवढंच दाबायचं, मागे आलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा घासायचं. ऑनलाइन शिकवणाऱ्या माणसाने हे बजावून सांगितलं होतं. घाई केली की भोक मोठं होतं आणि भोक मोठं झालं की फोटो धुरकट येतो. तिला सगळं पाठ होतं, पण हात ऐकत नव्हते. तिने तो पत्रा टेबलाखालच्या डब्यात फेकला, तिथे असे बरेच पडले होते, आणि कात्रीने नवा तुकडा कापायला घेतला.

यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती वीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती. दरवर्षी फळ्यावर सूचिछिद्र कॅमेऱ्याचा खोका काढायची, त्याला छिद्र काढायची आणि पलीकडे उलटी मेणबत्ती. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि विसरायची. तो खोका प्रत्यक्षात कधी कोणी बनवला नाही, तिनेही नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र तिने सुताराकडून प्लायवूडची मोठी पेटी करून घेतली होती, आतून काळी रंगवलेली, मागे वहीच्या पानापेक्षा मोठा फोटोचा कागद मावेल अशी. लेन्स नाही, बटण नाही. पुढच्या बाजूला पत्र्यातलं छिद्र आणि त्यावर काळ्या पट्टीचं झाकण. झाकण उचलायचं, थांबायचं, लावायचं. जिला कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी थांबवत नाही तिने थांबण्याचाच छंद घ्यावा, यावर तिची पुण्यातली मुलगी फोनवर पोट धरून हसली होती.

हसण्यासारखं होतंच. पण रिकामं बसलं की मधुवंतीला दत्त चौक आठवायचा, म्हणून तिला हातात काहीतरी हवं होतं.

त्या दिवशी परीक्षेचे पेपर तपासून ती घरी निघाली होती. चौकात रसवंतीपाशी उभी असताना समोरून तिचा नवरा चारुदत्त आला, काळा कोट हातावर टाकलेला, काखेत फायली. दोघांच्या मधे एक रिकामा ऑटो तेवढा उभा होता. तिने हात हलवला. त्याने तिच्याकडे बघितलं, अगदी तिच्या तोंडाकडे, आणि तो तसाच पुढे निघून गेला. रस्त्यावरच्या कुठल्यातरी बाईकडे बघून जावं तसा. संध्याकाळी घरी येऊन त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं, भाजी काय केली. तिने सांगितलं, भरली वांगी. चौकातलं तिने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं आणि त्या उत्तराचीच तिला धास्ती होती.

तेव्हापासून तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांवर राहू लागलं. बोलताना तो पडद्याकडे बघायचा, फ्रिजकडे बघायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. तिच्याकडे नाही. सकाळी चहाबरोबर पेपर वाचणं त्याने सोडलं होतं. बाहेरच्या ऑफिसच्या खोलीत त्याचा ज्युनिअर इंद्रजीत त्याला दाव्याचे कागद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हा खुर्चीत मान टाकून ऐकत बसायचा. वकीलसाहेब मोठे झाले, आता वाचायलाही माणूस लागतो, असा टोमणा तिने एकदा मारला. तो हसला, तेही पडद्याकडे बघून. संसाराला पंचवीस वर्षं होत आली होती. दुसरं कोणी असेल का, हा विचार मनात आला की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटून तो विचार काही जायचा नाही.

मे महिन्याच्या यवतमाळात बाथरूमची डार्करूम करणं म्हणजे नसती कटकट होती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापायचं की कागद रसायनात घातला रे घातला की काळा व्हायचा. मग ती फ्रिजमधला बर्फ मोठ्या पातेल्यात घालून त्यात प्लास्टिकचा ट्रे तरंगत ठेवायची. पहिले काही फोटो हललेले आले तेव्हा तिला कारणच कळेना. पेटी तर टेबलावर पक्की होती. शेवटी टेबलावर हात ठेवला तेव्हा उलगडा झाला, खिडकीतल्या कूलरने सगळं टेबल बारीक थरथरत होतं. तो हललेला कागद तिने मुद्दाम चारुदत्तला दाखवला. कडुनिंबाचं झाड त्यात भिजलेल्या बोळ्यासारखं दिसत होतं. त्याने कागद हातात घेतला, जरासा तिरपा धरला आणि म्हणाला, छान आलंय. मग तिने एक खरंच चांगला आलेला दाखवला. त्यालाही तो छानच म्हणाला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि ऊन बाधलं असं तिने त्याला सांगितलं.

कागदावर माणसाचा चेहरा घेणं अवघड. कागद उजेडाला इतका मंद की माणसाला फार वेळ पुतळा होऊन बसावं लागतं. त्यासाठी फिल्म हवी, आणि त्या आकाराची फिल्म बाजारात मिळत नव्हती. मग तिला पूनमसिंग आठवला. तिच्या एका विद्यार्थिनीचा बाप, एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दवाखान्यात आता सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं आणि जुन्या फिल्मचा एक डबा कपाटात तसाच पडून होता. त्याने तो पुसून तिच्या हातात दिला.

"लाल लाइटीतच उघडजा मॅडम. आन् नख लागू देऊ नका, दोन्ही बाजूनं मसाला राह्यते याले. आमी माणसाच्या आतलं काढत होतो याच्यावर, तुमी बाहेरचं काढा."

डबा स्कूटीच्या डिकीत घालून घरी येताना तिच्या डोक्यात ती गोष्ट पक्की झाली. फोटो चारुदत्तचा घ्यायचा. छिद्रासमोर बसवायचं, आपण पेटीच्या मागे उभं राहायचं. या फिल्मला सावलीत दोन मिनिटं लागणार होती. दोन मिनिटं का होईना, याला माझ्याकडे बघावंच लागेल. तिच्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला हे पोरकट वाटायला हवं होतं. तिला ते अजिबात पोरकट वाटलं नाही. उलट त्या रात्री तिला नीट झोप लागली.

तो लगेच तयार झाला, आणि त्यानेही ती बिचकली. रविवारी सकाळी व्हरांड्यात खुर्ची मांडली, डोकं हलू नये म्हणून मागे भिंत. तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून आला. हनुवटीखाली थोडे केस राहून गेले होते. तिने ते त्याला सांगितलं नाही. पेटी स्टुलावर ठेवली, स्टुलाखाली कागदाची घडी सारली, कूलर बंद केला. घर एकदम गप्प झालं.

"सरळ छिद्राकडे बघा. पापण्या लवल्या तरी चालतील, पण नजर हलवायची नाही."

"छिद्र कुठंशी आहे?"

"हे काय, या पट्टीखाली. मी त्याच्या मागंच उभी आहे. माझ्याकडे पाहिलं तरी तेच झालं."

त्याने मान हलवली आणि डोकं भिंतीला टेकवलं. तिने पट्टी उचलली. मग मात्र त्याच्याकडे बघायचं तिला धाडस होईना. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग शेजारच्या गच्चीवर वाळवणात घातलेल्या गव्हाच्या सरगुंड्यांकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. सेकंदाचा काटा जागचा हलत नव्हता असं तिला वाटलं. वेळ झाली तशी तिने पट्टी घाईने लावली, झालं म्हणाली आणि पेटी उचलून थेट बाथरूममध्ये गेली.

फिल्म चांगली धुतली गेली. वाळायला मात्र तिने पुरेसा वेळ दिला नाही. ओलसर असतानाच ती कागदावर ठेवून वर काच दाबली, बल्ब क्षणभर लावून विझवला आणि कागद ट्रेमध्ये सोडला. लाल उजेडात आधी शर्टाची बटणं दिसायला लागली, मग कान, मिशी, हनुवटीखालचे ते राहिलेले केससुद्धा. तिच्या आजवरच्या सगळ्या फोटोंमध्ये हा सगळ्यात स्वच्छ होता. डोळे शेवटी आले.

डोळे तिच्याकडे बघत नव्हते. छिद्राकडेही नव्हते. दोन्ही बुबुळं एका बाजूला वळलेली होती, पेटीच्या शेजारून, तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. हललेलीही नव्हती, म्हणजे सगळा वेळ तो ठरवून तिकडेच बघत बसला होता. तिने कागद कसाबसा दुसऱ्या ट्रेमध्ये बुडवला, पुरता धुतलाही नाही आणि तसाच ठिबकत बाहेर घेऊन आली.

चारुदत्त ऑफिसच्या खोलीत नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून. तिने ओला फोटो त्याच्यासमोर टेबलावर आपटला.

"दोन मिनिटं माझ्याकडे पाहायचं होतं. तेवढंही नाही झालं तुमच्यानं?"

त्याने बोटाने कागदाची कड चाचपली.

"बिघडला का?"

"नाही बिघडला. चांगला आला म्हणूनच दिसून राहिलं. तुम्ही पाहतच नव्हते माझ्याकडे."

"तुझ्याकडेच पाहून राहिलो होतो."

"मग फोटो काय खोटा आहे?"

त्याने ओला कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाला,

"सरळ पाहिलं की तिथं तू नसतेस, मधू. नुसता धुरकट डाग असतो. जरा बाजूला पाहिलं, की मग कडेला दिसतेस."

आधी तिला शब्दच कळले, अर्थ नाही. मग तो कळला आणि तिने टेबलाची कड धरली. कधीपासून, एवढंच तिने विचारलं. दिवाळीपासून, तो म्हणाला. नागपूरच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेल्याचं सांगितलं होतं. चष्म्याने काही होणार नव्हतं, कडा तेवढ्या राहतील म्हणाले होते. इंद्रजीतला ठाऊक होतं, कारण त्याच्यावाचून काम चाललंच नसतं. पक्षकारांना कळलं तर ते दुसरा वकील बघतील, म्हणून बाकी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि तिला नाही, कारण तिचा जीव थाऱ्यावर राहिला नसता. हे सगळं तो एखाद्या दुसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसं सांगत होता.

 कुठला डॉक्टर, कुठले रिपोर्ट, मुंबईला किंवा हैदराबादला दाखवलं का, असं शंभर वेळा विचारणारी बाई मधुवंती. पण आत्ता ती फोटोतल्या त्या वळलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. फोटोतलं पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं आणि तिने ते पुसलंही नाही. तिने फक्त ओढणीचं टोक उचलून डोळ्यांना लावलं.

चारुदत्तने मान किंचित वळवली आणि तिच्या बाजूला असलेल्या लोखंडी कपाटावर नजर ठेवली.

"रडू नको," तो म्हणाला.