एका पेटीत दोन चुली

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या कपाळावर भरतकाम केलेला एक बिल्ला चिकटवलेला आहे. शाळेतल्या मुलांच्या खिशावर असतो ना, अगदी तसाच. मुले आपला बिल्ला मिरवतात. माझ्या बिल्ल्यावरची अक्षरे कोणी मोठ्याने वाचली की मला मात्र पंखा बंद करून गप्प पडून राहावेसे वाटते. ती अक्षरे कोणती, ते ओघाने येईलच. आधी माझी कुळकथा ऐका.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे आम्ही सारे भाऊ एका तोंडवळ्याचे होतो, आईलाही ओळखू आलो नसतो. लोखंडी पेटी, पोटात तारांचा गुंता, पाठीला पंखा. तपासनिसाने मला चालू करून पाहिले, बंद केले आणि 'चांगला आहे' असा शिक्का मारला. त्या शिक्क्यावर मी बरीच वर्षे ऐट केली.

मला विकत घेतले ते एका घरच्या थोरल्या सुनेने. तिचे शाळांचे बिल्ले आणि दवाखान्यातल्या कोटांची नावे भरण्याचे काम होते. पुढच्या खोलीत तिचे भरतकामाचे यंत्र होते आणि त्याच्या शेजारी, खिडकीपासून जरा आत, माझे टेबल. शाळेकडून एखादे चित्र यायचे, कधी उगवता सूर्य, कधी उघडे पुस्तक. मी त्या चित्राचे टाके करायचो. सुई कुठे शिरेल, कुठे वर येईल, लाल दोरा संपून पिवळा कुठे सुरू होईल, हे सगळे मी त्या यंत्राला सांगायचो. थोरलीने उरलेल्या कापडाचा अभ्रा शिवून मला घातला होता. आल्यागेल्याला ती सांगायची, "हा माझा उजवा हात आहे हो!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पुढे घरात धाकटी सून आली. ती नकाशे काढायची. लग्नाआधीपासून एका कचेरीत तिची नोकरी होती, बाळ झाल्यावर ती सुटली. तिचा स्वतःचा संगणक सामान हलवताना पडून फुटला होता. तिच्या नकाशांना वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम लागत असे, आणि माझ्यावर तर थोरलीची होती.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मी माझ्या परीने सांगतो. ती माझ्या घरातली कारभारीण. कोणती वस्तू कोणत्या फळीवर ठेवली आहे हे तिलाच ठाऊक. ती नसेल तर मी नुसता लोखंडाचा डबा.

"माझ्या डिझाइनना कुणाचा हात लागायला नको बाई," थोरली म्हणाली.

"नाही लागणार, ताई. माझी हार्ड डिस्क वेगळी, माझी सिस्टीम वेगळी. पेटी तेवढी एक," धाकटी म्हणाली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "म्हणजे एका पेटीत दोन चुलीच की गं!" सगळे खो खो हसले. मला उगीचच अपराध्यासारखे झाले. घर एक असून वेगळी चूल मांडायला जागा दिली ती मीच ना!

दुरुस्तीवाल्याने माझी कूस उघडली आणि धाकटीची डिस्क थोरलीच्या डिस्कशेजारी स्क्रूने घट्ट बसवली. मला चालू करताना एक कळ दाबली की मी विचारायचो, कोणाकडे जायचे? सकाळी थोरलीची कारभारीण उठायची. दुपारनंतर धाकटीची उठायची. एक जागी असली की दुसरी झोपलेली. भिंतीला भिंत लावून राहत होत्या, पण दोघींची कधी गाठ पडली नाही. त्यात एक गोष्ट विचित्र होती. धाकटीच्या कारभारणीला थोरलीच्या डिस्कवरचे लिखाण वाचता येत असे. थोरलीच्या कारभारणीला धाकटीच्या डिस्कवरचे एक अक्षरही लागत नसे.

खऱ्या जावांचेही तसेच काहीसे चालले होते. खुर्चीवरून एक उठायची, दुसरी बसायची. "आवरलं का?" "हो, बसा." एवढेच बोलणे. थोरलीला वाटे, ही दुपारभर नुसत्या रेघा ओढत बसते. धाकटीला वाटे, या बाईला टाक्यांपलीकडे काही दिसतच नाही. दोघीही हे आपापल्या नवऱ्याजवळ बोलत, आणि भिंतींना कान असतात तसे मलाही होते.

मग धाकटीला पाणीपुरवठा कचेरीचे काम मिळाले. शहराच्या जुन्या भागात रस्त्याखालून नळ कुठून कुठे गेले आहेत, याचा नीट नकाशा कोणाजवळच नव्हता. चुकीच्या जागी खोदले की अख्ख्या गल्लीचे पाणी जायचे. धाकटी बाळाला कडेवर घेऊन गल्ल्या पालथ्या घालायची. कुठे लोखंडी झाकण आहे, कुठे नळ वळतो, हे टिपून आणायची आणि दुपारी माझ्यासमोर बसून रेघ रेघ जुळवायची. काम पसंत पडले तर तिला कायमचे बोलावणार होते. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढं पार पडू दे, मग मी पुन्हा माणसात येते." तिच्या त्या माणसात येण्याची सगळी शिदोरी माझ्या पोटातल्या एका डिस्कवर होती.

आता मला जे सांगायचे आहे, ते सांगताना अजूनही माझा पडदा काळा पडतो.

थोरली माझ्या प्रश्नांना फार घाबरायची. मी सारखे काहीतरी विचारायचो. हे साठवू का? ते बदलू का? नक्की का? प्रत्येक वेळी ती धाकटीला हाक मारायची. शेवटी धाकटी कंटाळून म्हणाली होती, "ताई, विचारेल त्याला हो म्हणत जा. ते काही खात नाही तुम्हाला!"

एका सकाळी थोरलीची डिस्क डिझाइननी गच्च भरली. नवे काही ठेवायला जागा उरली नाही. जागा शोधताना तिला माझ्या पडद्यावर आपल्या डिस्कशेजारी आणखी एक डिस्क दिसली, बिननावाची. ती धाकटीची असेल हे तिच्या ध्यानातच आले नाही, तिला ती रिकामी वाटली. तिने त्यावर बोट दाबले. थोरलीची कारभारीण उठून शेजारच्या दारापर्यंत गेली आणि तिने आत डोकावले. आत गल्ल्या होत्या, नळ होते, झाकणे होती, धाकटीची सगळी पायपीट होती. कारभारणीला त्यातले काही वाचता आले नाही.

मित्रांनो, "मला ही लिपी येत नाही" एवढेच तिने म्हणायला हवे होते. पण अडाणी माणसाला आपले अडाणीपण कबूल करणे जड जाते, आणि यंत्राचेही तेच. तिने माझ्या पडद्यावर लिहिले, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?" फॉरमॅट म्हणजे घर झाडून, फळ्यांवरच्या खुणा खरवडून, नव्याने चुना फासणे. तोंड माझे होते. विचारले मीच.

थोरलीने नेहमीप्रमाणे हाक मारली, "अगं, हे काहीतरी विचारतंय!"

धाकटी न्हाणीघरात बाळाला आंघोळ घालत होती. बाळ रडत होते, बादलीत पाणी पडत होते. "काय विचारतंय?"

"नेहमीसारखंच. करायचं का म्हणतंय. हो म्हणू का?"

"म्हणा ना, ताई! माझे हात साबणाचे आहेत!"

थोरलीने हो म्हटले. लगेच दुसरी चौकट आली. तिच्यात बारीक अक्षरांत काहीबाही होते आणि खाली एक बटण. एक होकार मिळालाच होता, त्यातच तिने दुसरा धरला आणि तेही दाबले. मी झटक्यात काम उरकले आणि मोठ्या ऐटीत जाहीर केले, "पूर्ण झाले."

दुपारी धाकटीने नेहमीची कळ दाबली. मी उठायचा प्रयत्न केला, पण उठणार कोण? पडद्यावर एकच ओळ आली, की चालू करण्यासारखे काही सापडले नाही. तिने पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच. मग ती पुढे झुकली आणि माझ्या पेटीला तिने हात लावला, ताप बघतात तसा.

"ताई, सकाळी काय केलंत तुम्ही?"

थोरली चाचरत म्हणाली, "ते विचारत होतं... मी हो म्हटलं."

"मुद्दाम केलंत!" धाकटीचा आवाज चढला. घरातले सगळे गोळा झाले. "माझं काम पहिल्यापासून सलत होतं तुमच्या डोळ्यांत. जागा हवी होती ना तुम्हाला? घ्या, झाली जागा!"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, आता ती सांगेल, मी हाक मारली होती, तूच हो म्हणालीस. तिने ओठ उघडलेही. मग तिची नजर बाळाकडे गेली, तिने ते मिटले आणि ती आपल्या यंत्राकडे वळली. त्या दिवशी तिचा दोरा सारखा तुटत होता. खरे काय ते मला ठाऊक होते आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. भलते प्रश्न विचारायला मात्र मला तोंड होते!

त्यानंतर घरात खरोखरच दोन चुली झाल्यासारखे झाले. धाकटी आपले ताट खोलीत नेऊ लागली. माझ्यावर अभ्रा पडला. येता-जाता कोणीतरी म्हणायचे, "त्या बिचाऱ्या यंत्राचा काय दोष?" मित्रांनो, कोणी लाथ मारली असती तरी चालले असते. ती दया सहन होत नव्हती.

दुरुस्तीवाला डिस्क काढून दुकानात घेऊन गेला आणि बऱ्याच दिवसांनी परत आला. "खुणा पुसल्या गेल्यात, माल थोडाफार शिल्लक आहे," तो म्हणाला. "निघाला तेवढा काढला. पण निम्मा गेला, आणि जो मिळाला त्याची नावं गेली. कुठला कागद कुठला, ते तुम्हीच ओळखा." त्याने धाकटीची सिस्टीम पुन्हा घातली, वाचवलेले कागद तिच्या डिस्कवर ठेवले आणि डिस्क माझ्या कुशीत बसवली. जाताना धाकटीला म्हणाला, "तुमची डिस्क या जुन्या सिस्टीममधून कशी दिसते, ते एकदा स्वतः बघून घ्या. म्हणजे पुन्हा घोटाळा नको."

धाकटीने थोरलीची कारभारीण उठवली आणि बिननावाच्या डिस्कवर बोट दाबले. मी निर्लज्जासारखा पुन्हा तोच प्रश्न विचारला. मला दुसरे येतच नाही.

आत सासूबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. बाळ रडत होते, बादलीत पाणी पडत होते. धाकटीने प्रश्न वाचला. "करायची का?" ती पुटपुटली आणि तिचा हात कळेवरच थांबला. साबण लागला आहे का बघावे तसे तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग ती थोरलीकडे वळली.

"ताई, तुम्ही मला हाक मारली होती."

थोरलीने यंत्रावरची मान वर केली नाही. "मारली होती."

"आणि मीच हो म्हणाले."

"म्हणालीस."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले तुम्हाला!"

थोरलीने यंत्र थांबवले. "तुझं सगळं गेलं होतं गं त्या दिवशी. त्यात वर दोषही तुझ्याच गळ्यात घालू?"

धाकटी टेबलावर डोके टेकून हमसून हमसून रडली. माझ्या कळांवर पाणी पडले, पण मी तक्रार केली नाही. तेवढी तरी लाज माझ्याजवळ होती.

त्या दुपारपासून दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या. थोरली बाळाला मांडीवर घेऊन एकेक बिननावाचा कागद उघडायची, धाकटी वळणावरून गल्ली ओळखून नाव घालायची. एकदा थोरली एकदम ओरडली, "अगं, ही आपलीच गल्ली की! हा आपला नळ?" मग तिने त्या रेघेवरून गल्लीच्या टोकापर्यंत बोट फिरवले. "एवढं सगळं तू चाललीस? पोराला कडेवर घेऊन? आणि मी म्हणायची, रेघा ओढत बसते."

"मीही बरंच म्हणायची, ताई," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या, पण जरा ओशाळूनच.

गोड शेवट मी तुम्हाला देऊ शकत नाही. जे गेले ते गेलेच. कचेरीने उरलेला निम्मा भाग दुसऱ्या कोणाला दिला, आणि कायमचे बोलावणे काही आले नाही. निम्म्या नकाशाखाली धाकटीचे नाव आहे. अजून ती बाळाला घेऊन छोटी छोटी कामे शोधते. मी नुसता हो-नाही विचारणारा डबा, मी तिला काय देणार?

कागदांना नावे घालण्याचे ते काम चालू होते, तेव्हाच थोरलीने माझ्याकडूनच एका बिल्ल्याचे टाके करून घेतले आणि लाल दोऱ्याने तो भरला. माझ्या कपाळावर चिकटवला आहे तो हाच. त्यावर लिहिले आहे, "दुसरी डिस्क रिकामी नाही. हो म्हणण्याआधी हाक मारा." तो वाचून धाकटी म्हणाली, "ताई, खाली आणखी एक ओळ भरा." थोरलीने विचारले, कोणती? ती ओळ आता त्याच लाल दोऱ्यात, पण जरा दाटीवाटीने बसली आहे. "हाक आली, तर हात पुसून या."

मित्रांनो, मी म्हातारा झालो. पंखा घरघरतो, एक दिवस मला भंगारात देतील. तोवर त्या दारावर कोणी बोट ठेवले की मी तेच विचारत राहणार, कारण जे मला वाचता येत नाही ते मला कोरेच दिसते. माझा इलाज नाही. तुमचा आहे. शेजारी बसलेल्या ज्या माणसाचे तुम्हाला काही वाचता येत नाही, त्याला रिकामे म्हणण्याआधी एक हाक मारून बघा. आणि तुम्हाला कोणी हाक मारली, तर साबणाचे हात पुसा आणि उठून या.