मी नर पपई निघालो

मित्रांनो, सिडकोतल्या एका घराच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, गुडघाभर उंचीचा एक तोडलेला बुंधा उभा आहे. तो मी. मला कुणी लावलं नाही. त्या घरच्या शैलाताईंनी सालींचं खत वाफ्यात टाकलं, त्यात एक बी होतं. पावसाळ्यात मी मिरचीच्या रोपांमध्ये उगवलो.

मी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी माझा फोटो पुण्यातल्या मुलाला, अमेयला पाठवला. तो फोनवर म्हणाला, "आई, एरंड आहे तो. उपटून टाक."

ताईंनी माझं पान चुरगळून वास घेतला, मोबाइलमधल्या चित्रांशी ताडून पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मोठं झालं की कळेल."

पुढे पानांना खोल कातरे पडले, तेव्हा त्या हसल्या. "अगं बाई, पपई होय तू."

त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तरी तांदूळ धुतलेलं पाणी त्या माझ्यासाठी राखून ठेवायच्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. संध्याकाळी माझ्याजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "तुला मी कुणाला हात लावू देणार नाही." मी ते खरं धरलं.

मग मला फुलं आली. लांब देठांवर लोंबणारे पांढरे, सुवासिक झुपके. महिना-दीड महिन्यांनी शेजारच्या विशाखाताईंनी ते कुंपणावरून पाहिले. "ताई, हा तर नर निघाला. ह्याला फळ येत नसतंय. उगंच पाणी घालताय."

दुसऱ्या दिवशी सखाराम माळी कोयता घेऊन आला. "बाई, चांगलं वाढलंय की. तोडायचंच का?"

"हो. जागा अडते," शैलाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी दार लावून घेतलं. घाव बसले, पांढरा चीक वाहिला, पण दार उघडलं नाही.

मला फळ येत नव्हतं, हे खरं. पण कुंपणापलीकडे विशाखाताईंच्या अंगणातही एक पपई होती, आणि तिला मी फुलल्यावरच पहिल्यांदा फळं धरली होती. माझा पराग किडे तिकडे नेत. मी तुटलो आणि तिची नवी फुलं नुसतीच गळू लागली.

एका सकाळी विशाखाताई आल्या, खाली मान घालून म्हणाल्या, "ताई, नर्सरीत विचारलं मी. जवळ नर नसला तर फळ धरत नाही म्हणे. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तू नुसतं सांगितलंस," शैलाताई म्हणाल्या. "तोडायला मी लावलं."

आता माझ्या कडेने एक कोंब फुटला आहे. शैलाताई रोज पाणी घालतात. मी ते पितो, वाढतोही. पण त्या जवळ आल्या की आधी मी त्यांच्या हातात काय आहे ते पाहतो.

मित्रांनो, अंगणात न लावलेलं काही उगवलं, तर त्याचं नाव जरूर शोधा. पण नाव कळलं म्हणजे झाड कळलं, असं समजू नका. आणि जे पाळता येणार नाही, ते झाडापाशीसुद्धा बोलू नका. आम्ही ते ऐकतो, आणि त्याच्या भरवशावर वाढतो.