तिन्ही भाग, एका बैठकीत

"राजघराण्याचं राहू दे," बॅटरीकाका म्हणाले. "त्यात सगळ्यांना सारख्याच मिशा. तुझ्या आईला अधूनमधून मी कोण तेच सांगावं लागतं, तिथं त्या राजाचे चुलते कुठं लक्षात ठेवणार ती!"

लेकीनं पलंगावर सीडींचे डबे मांडले होते. प्रत्येक डब्यात एकाच गोष्टीचे तीन-तीन सिनेमे. तिनं राजघराणं उचलून बाजूला ठेवलं आणि दुसरा डबा पुढे केला.

"हा बघा. अंतराळातला. तुमच्या जावयाचा जीव की प्राण आहे."

"जावयाला बघू दे मग. अगं, त्यात दिवस कुठला, रात्र कुठली कळत नाही. तिला आपल्या घरातच कळेनासं झालंय."

"मग हा चोराचा लावा. छोटे छोटे आहेत तिन्ही, हसायला येतं, आई कंटाळणार नाही. आणि बाबा, एका दिवसात तिन्ही कशाला? रोज एक बघा ना निवांत."

काका डबे खालीवर करत राहिले. रोज एक! रोज एक बघायला त्यांना काय जड होतं? पण काकूंचं आता असं झालं होतं की आजचं आजच्यापुरतं. सकाळी बोललेलं दुपारी आठवायचं, दुपारचं संध्याकाळी. पण मध्ये डोळा लागला की पाटी कोरी. उठल्या की नव्यानं सुरुवात. जुनं मात्र बहुतेक सगळं लख्ख होतं, क्वचित एखादं टोक निसटायचं. लग्नात कुणी काय नेसलं होतं ते विचारा, घडाघडा सांगतील. म्हणजे गोष्ट तीन भागांची असली तर ती एका बैठकीत संपायला हवी, काकूंची झोप व्हायच्या आत. नाहीतर पहिल्या भागातला नवरदेव दुसऱ्या भागात त्यांच्यासाठी परका व्हायचा.

"तो चौथा डबा कसला?" काकांनी विचारलं.

"तो नको. तो दीपगृहाचा आहे, चुकून आला. रडवा आहे."

"दिव्याचा?" काका ताडकन उठून बसले. "अगं, आपल्या थेटरात लागले होते की तिन्ही! हाच लावायचा. आणि रडवा काय म्हणतेस? शेवटी सगळं गोडच होतं की त्यात."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. "बरं," म्हणाली, "हाच लावा." आणि मशीन कसं चालवायचं ते पुन्हा एकदा समजावून ती कामावर निघून गेली.

आता काकांबद्दल थोडं सांगायला हवं. थेटरात ते डोअरकीपर होते. अंधारात हातातली बॅटरी पायाशी धरून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचे आणि प्रत्येकाला म्हणायचे, "सांभाळून, पायरी आहे." म्हणून अख्खं गाव त्यांना बॅटरीकाका म्हणायचं, खरं नाव पगार देणाऱ्यालाच ठाऊक. लोकांना वाटायचं, काय मजा आहे बुवा, रोज फुकट सिनेमा! कसली मजा न् कसलं काय. सुरुवात जायची उशिरा येणाऱ्यांना बसवण्यात. आणि शेवटाकडे संगीत चढायला लागलं की काका बाहेर. दारांचे अडसर बाहेरच्या बाजूला होते. ते काढायचे, मग मागच्या अंगणात जाऊन लोखंडी फाटक उघडायचं, म्हणजे खेळ सुटला की माणसं अडकत नाहीत. इतकी वर्षं नोकरी केली, शेकड्यांनी सिनेमे लागले. पण काकांच्या वाट्याला प्रत्येकाचा फक्त मधला भाग.

बाकीचं काकू सांगायच्या. नोकरांच्या बायकांना पास असायचा. काकू पहिल्या आठवड्यातच दुपारचा खेळ बघून घ्यायच्या आणि रात्री काका जेवायला बसले की सुरुवात आणि शेवट दोन्ही साग्रसंगीत सांगायच्या, अगदी कुणी कसं वळून बघितलं त्यासकट. थेटरातलं कुणी शेवट सांगायला लागलं की काका कानांवर हात ठेवायचे. "माझी ही सांगेल," म्हणायचे. सगळे हसायचे.

पण दोघं शेजारी बसून कधी एक सिनेमा बघितला असेल तर शपथ. सुट्टीच्या दिवशी थेटराचं तोंड नको व्हायचं. काकूंच्या आईकडे जायचे, बाजार करायचे. बघू कधीतरी म्हणता म्हणता थेटर पाडलं, काका म्हातारे झाले आणि काकू विसरायला लागल्या. म्हणून आज. एकदा, फक्त एकदाच, तिच्या शेजारी बसून एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, तीही तिला सगळी आठवत असताना. याहून जास्त त्यांना काही नको होतं.

त्यांनी पडदे ओढले. खोलीत निळसर अंधार झाला. कपाट, मेज, भिंतीवरचं घड्याळ सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसायला लागलं. काकांनी खणातून जुनी बॅटरी काढली आणि आतल्या खोलीत जाऊन काकूंच्या पायाशी उजेड धरला.

"चला बाईसाहेब. सांभाळून, पायरी आहे."

"इश्श! घरात कसली पायरी?" काकू खुदकन हसल्या. पण पदर सावरून त्या उजेडामागून चालत आल्या आणि कोचावर अशा बसल्या, जणू तिकीट काढून आल्या आहेत.

पहिला भाग सुरू झाला. समुद्र, एक उंच दीपगृह, त्यात नवा आलेला रखवालदार, त्याचा धाकटा भाऊ, आणि किनाऱ्यावर जाळी विणणारी एक मुलगी. काका हरखून बघत होते. सुरुवात अशी होती तर! रखवालदार पहिल्यांदा दिवा लावतो ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या वेळी ते कुणालातरी बाल्कनीत बसवत असणार. काकू मध्येच त्यांच्या हातावर चापट मारून म्हणायच्या, "आता बघा हं, आता ती वळेल." आणि ती वळायची.

मग काय झालं, संगीत चढलं. आणि काकांना कळायच्या आत काका उठले, चपला घातल्या, बाहेरच्या दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बाजूला उभे राहिले. रस्त्यावरून जाणारा पोस्टमन थांबला. "काय काका, कुणाची वाट बघताय?"

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धावत आत आले तर पडद्यावर नावं.

"अहो, कुठं कडमडलात?" काकू हसून हसून लाल झाल्या होत्या. "पायांना कुणी चावी दिली होती का?"

"गेला की शेवट! आता काय झालं ते सांग."

"काय होणार? लग्न झालं. दोघं होडीत बसून गेली, आणि धाकट्यानं वरून दिवा हलवला." बोलता बोलता त्यांनी हातानं दिवा हलवून दाखवला. अगदी तस्साच, जसा थेटराच्या दिवसांत रात्री जेवताना दाखवला होता.

चहा झाला, पाव-लोणी झालं. दुसऱ्या भागाला काकूंनी काकांच्या सदऱ्याची बाही आपल्या मुठीत धरून ठेवली. "आता हलून दाखवा," म्हणाल्या.

दुसरा भाग धाकट्या भावाचा होता. तो जहाजावर नोकरी धरतो, वहिनी त्याला लोकरीचा गळपट्टा विणून देते. शेवटाकडे वादळ येतं. संगीत चढलं. काकांचे पाय वळवळले, पण बाही धरलेली. ते बसले. आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवट बघितला.

लाटांवर गळपट्टा तरंगत होता. नुसता गळपट्टा.

"अगं," काका कसेबसे म्हणाले, "हा तर बुडाला."

काकू पडद्याकडेच बघत होत्या.

"तू तर सांगितलं होतंस, तो लांबच्या बंदरात कप्तान झाला म्हणून! मी पुढच्या भागात शोधत होतो त्याला. तुला विचारलं, तर म्हणालीस, कामात असतो, खुशाली कळवतो."

"बुडाला खरा," काकू हळूच म्हणाल्या. बाही त्यांनी सोडली नव्हती. "तुम्ही घरी यायचात तेव्हा पाय सुजलेले असायचे. दिवसभर उभे. मी गरम पाण्यात पाय ठेवायला लावायचे आणि तुम्ही लहान मुलासारखे विचारायचात, मग काय झालं? तशा माणसाला बुडाला म्हणून कसं सांगू मी?"

"आणि लोक डोळे पुसत बाहेर यायचे ते?"

"मी म्हणायचे ना, आनंदानं रडतात."

"आणि मी फाटकाशी उभा राहून त्यांच्याकडे बघून हसायचो!" काका म्हणाले. "काय म्हणत असतील लोक मला! सगळेच शेवट असे सांगितलेस का गं?"

"वाईट होते तेवढेच," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पुष्कळ वाईट असतात हो."

काकांना हसू आलं आणि रडूही. त्यांनी तिचा हात हातात घेतला. इतकी वर्षं ही बाई अंधारात एकटी बसून रडायची आणि घरी येऊन त्यांच्या ताटात गोड तेवढं वाढायची, आणि त्यांना पत्ता नाही. त्यांना तिच्यावर इतकं प्रेम आलं की काय करावं ते सुचेना. म्हणून त्यांनी उठून सफरचंद कापलं.

तिसरा भाग लावला तेव्हा पडद्यांच्या कडेची उन्हाची रेघ तांबूस व्हायला लागली होती. काकूंचे डोळे जडावले होते. काका त्यांना जागं ठेवायला लागले. "अगं, हा कोण? सांग बघू," ते विचारायचे, आणि काकू सांगायच्या, "तोच. म्हातारा झालाय." त्यांनी तिला थंड पाणी दिलं, खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या, पाठीमागची उशी काढून घेतली. "छळता काय हो मला," काकू पुटपुटल्या. मग त्यांचं डोकं काकांच्या खांद्यावर आलं. काकांनी खांदा हलवायला घेतला, आणि त्यांना ते जमलं नाही. तसेच बसून राहिले.

संगीत चढलं. काका उठले नाहीत.

दीपगृहाबाहेर एक बाक होता. बाकावर रखवालदार बसला होता, केस पांढरे. शेजारी दोन कप ठेवलेले, एक भरलेला तसाच. बाकाची दुसरी बाजू रिकामी. अंधारून आलं, वरचा दिवा आता आपोआप लागला, कुणी न लावता. म्हातारा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला आणि गोष्ट संपली.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या झोपेला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही. खोलीत कितीतरी वेळ फक्त नावं वर सरकत होती.

काकू जाग्या झाल्या. "मी झोपले का हो? काय लावलं होतं?"

"दिव्याचा."

"हां! ज्यात बाक आहे तो. मी बघितलाय हा." त्यांनी डोळे चोळले. दुपारचं काही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. ते सगळं आता एकट्या काकांकडे होतं. "शेवटी काय होतं हो? आठवेना बघा."

काकांनी मशीन बंद केलं.

"काय होणार? दोघं म्हातारी बाकावर बसतात. चहा पितात. वर दिवा लागतो."

"दोघं?"

"दोघं."

"आणि धाकटा?"

"कप्तान झालाय तो. खुशाली कळवतो."

काकूंनी समाधानानं मान हलवली. मग एकदम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही दारं उघडायला गेला असाल."

"नाही गं. आज मी आतच होतो."

अंधार बराच झाला होता. काकांनी कोचावर चाचपून बॅटरी शोधली, तिचा हात धरून तिला उठवलं आणि तिच्या पायाशी उजेड धरला.

"सांभाळून," ते म्हणाले, "पायरी आहे."

सपाट फरशीवर काकूंनी पाऊल उचललं, आणि जपून खाली ठेवलं.