टेकायला भिंत

भाड्याची जागा कुणाला दाखवायची असली की बाबा बाहेरच्या खोलीत एका ठराविक जागी उभे राहायचे. दारातून आत आल्यावर डावीकडची भिंत, तिला पाठ टेकलेली, हात मागे बांधलेले. तिथूनच ते सगळं घर दाखवायचे. "फरशी नवी आहे, बघा. ओटा मी स्वतः उभा राहून करून घेतलाय. नळ सोडून बघा, लाजू नका, आजचं पाणी माझ्या खात्यावर." माणसं हसत आत जायची, नळ सोडायची, बाबा जागचे हलायचे नाहीत. घराचा मालक असाच ऐसपैस उभा राहतो, असं मला वाटायचं.

त्यांना जाऊन दोन महिने होत आले होते. शेवटचे भाडेकरू बाबा आजारी असतानाच निघून गेले, तेव्हापासून जागा रिकामी होती. ती घेताना बाबांनी आमचं राहतं घर बँकेकडे तारण ठेवलं होतं. भाडं येतं, हप्ता जातो, आपल्या हाताला लागतो तो फक्त रंग, असं ते म्हणायचे. भाडं थांबलं तसे हप्ते आईच्या ठेवी मोडून जाऊ लागले. आता मोडायला एकच ठेव उरली होती. त्यानंतर आई झोपते ती खोली, तिचं स्वयंपाकघर, बाबांची अजून कुणी न उघडलेली कपाटं, सगळं बँकेच्या हातात.

म्हणून मी रंगाऱ्याला बोलावून जागा रंगवून घेतली. रविवारी सकाळी एक कुटुंब बघायला येणार होतं. खिडक्या उघडायला आई आणि मी लवकर गेलो, तर डावीकडच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला ताटाएवढा डाग उमटलेला. रंग फुगला होता. बोट लावलं तर पिठासारखा गळला, आणि आतला गिलावा बोटाला गार लागला.

"चार दिवस नाही झाले रंग देऊन," मी म्हणाले. "फसवलं त्या रंगाऱ्याने."

"त्याच्या नावाने कशाला खडे फोडतेस? वरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी मुरतं." आई खिडकीची काच पुसत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "तू तिथे उभी राहा. हे तिथेच उभे राहायचे."

मला आधी नीट समजलंच नाही. मग त्यांचे शर्ट आठवले. जागा दाखवून आले की पाठीवर पांढरा भुगा असायचा, आणि आई ओरडायची, "जागा दाखवायला जाता की भिंतीशी कुस्ती खेळायला?" आम्ही सगळे हसायचो. बाबा सगळ्यांत जास्त.

"तुला माहीत होतं?"

"शर्ट कोण धुवायचं?" आई म्हणाली. फडकं पिळत ती पुढे बोलली. "करणारच होते गं. वरच्यांची फरशी फोडायची, पाइप बदलायचा, खर्च अर्धा-अर्धा. वरचे तयार होईनात. मग म्हणायचे, पुढच्या डिपॉझिटातून एकट्यानेच करू. पुढचं डिपॉझिट आलं की ओटा व्हायचा, नाहीतर फरशी. जे दिसतं त्याचं भाडं मिळतं, म्हणायचे."

तेवढ्यात बेल वाजली. आईने दार उघडलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हातही आपोआप मागे गेले.

एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको आत आले. म्हाताऱ्या आईला ते जिन्यात ठेवून आले होते. "येईल हळूहळू," तो म्हणाला.

"नळ सोडून बघा," मी म्हणाले. "लाजू नका." स्वतःचाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं.

ड्रायव्हर हसला. आत जाऊन, नळ बघून आला. "जागा झकास आहे. ओल वगैरे नाही ना कुठे?"

"आत्ताच रंग दिलाय सगळीकडे," आई म्हणाली.

त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या पाठीला गारवा लागायला लागला होता. ड्रायव्हरची बायको माझ्या शेजारून भिंतीवर वीत टाकत चालली होती. "सासूबाईंचा पलंग इथे बसेल. समोर खिडकी आहे. त्यांना दमा आहे हो, मोकळी हवा लागते."

दारात धापा टाकत म्हातारी उभी राहिली. "एकच जिना आहे म्हणालास ना रे?"

"एकच आहे, आई."

"तुला एक. माझ्या छातीला विचार किती आहेत ते." तिने रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "बसायला काही दिसत नाही. टेकायला तरी भिंत द्या बाई." ती सगळ्यांत जवळच्या भिंतीकडे, माझ्याकडे आली. मी हलले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "ही काय तुम्ही धरून ठेवलीय? सोडली तर पडेल की काय?"

सगळे हसले. आई जरा जास्तच मोठ्याने.

मी बाजूला झाले. "पडणार नाही," मी म्हणाले, "पण टेकू नका. ओली आहे."

म्हातारीने तळवा भिंतीला लावला आणि बघितला. "नवी नाही ही ओल."

"नाही. जुनी आहे." कुणी लपवली ते सांगायला माझी जीभ रेटेना. "वरची फरशी फोडल्याशिवाय जाणार नाही. दोन-तीन महिने लागतील."

"आम्हाला एक तारखेला पाहिजे होती," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बायकोची वीत अजून भिंतीवरच होती. ती तिने हळूच उचलली.

जाताना म्हातारी दारात थांबली. "बरं झालं सरकलात. नाहीतर मी तुम्हालाच टेकणार होते." मग जिना उतरताना तिचा खोकला खालपर्यंत ऐकू येत राहिला.

आईने दार लावलं. "आता हप्ता?"

"माझ्या पगारातून, जमेल तोवर. उद्या वरच्यांकडे जाते. नाहीच ऐकलं तर ही जागा विकू."

"ओली भिंत कोण घेईल?"

"ओली आहे असं सांगून विकू. कमी येतील."

"बँकेचं तरी फिटेल का तेवढ्यात?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"ते असते तर आज जागा भाड्याने गेली असती," ती म्हणाली.

"हो, गेली असती."

तिने फडकं खिडकीत ठेवलं. मग म्हणाली, "वळ." मी वळले. ती माझी पाठ झटकू लागली. भुगा फरशीवर पडत होता. दर वेळी बाबा घरी आले की दारातच तिचा हात असा चालायचा, चापट्या मारल्यासारखा. भुगा पडायचा थांबला, तरी ती झटकतच राहिली. मी हलले नाही.