न धुतलेली फावडी

मित्रांनो, मी एक जुनी फावडी आहे, वीतभर पात्याची. जळालेल्या घरांखालची माती तपासण्यासाठी मला घडवलं. कॅलिफोर्नियात डोंगरातला वणवा गल्ल्यांत शिरला की जुना रंग, बॅटऱ्या, नळ सगळं जळतं आणि त्यातलं शिसं मातीत मुरतं. राख उचलण्याआधी एकदा आणि उचलल्यावर पुन्हा एकदा मी माती काढते. एका शाळेच्या मैदानातलं शिसं मी पकडून दिलं, तेव्हा मुलांच्या आयांनी माझे फोटो काढले. खोटं कशाला सांगू, मी फुशारले होते.

नियम एकच. दुसऱ्या अंगणात जाण्याआधी मला तीन बादल्यांत धुवायचं: साबणाचं पाणी, साधं पाणी, शुद्ध पाणी. त्या गुरुवारी डेल्बर्टचं, म्हणजे मला वापरणाऱ्या तपासनिसाचं, पाणी दुपारीच संपलं. एका जळक्या गॅरेजातून काढून त्याने मला पँटला पुसलं आणि पुढच्या तीन अंगणांत तसंच खुपसलं.

तिसरं अंगण आराक्सीआजींचं. घर गेलं होतं, राखही उचलून झाली होती. उरलं होतं एक जर्दाळूचं झाड, अर्धं भाजलेलं, अर्ध्याला नवी पालवी. आठवड्याने कागद आला: झाडाखाली शिसं जास्त, सोमवारी मुळांसकट माती उपसणार. ते शिसं माझ्या पात्यावरचं होतं. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

सोमवारी यंत्र फाटकाशी घरघरत उभं राहिलं. आजी झाडाला पाठ लावून खुर्चीत बसल्या होत्या. डेल्बर्ट पुढे झाला. मी त्याच्या पट्ट्याला लटकत होते.

"आजी, उठा आता. कागदावर आकडा आहे."

"राख उचलायच्या आधी इथली माती स्वच्छ होती, तेही तुझ्याच कागदावर आहे. मग राख नेल्यावर शिसं वाढलं कसं रे? कोणी पेरून गेलं?"

यंत्रवाला हसला. डेल्बर्ट हसला नाही.

"दातांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं हत्यारं उकळलीत मी," आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही धुतली होतीस?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. नाही म्हटलं तर नोकरीवर गदा.

"नाही," तो म्हणाला. "पाणी संपलं होतं. पँटला पुसली."

"मग आता धू. माझ्यासमोर."

तिन्ही बादल्या आल्या. मी पुन्हा माती काढली, यंत्र मागे फिरलं. चार दिवसांनी आकडा आला, मर्यादेच्या आत. झाड वाचलं.

उरलेल्या दोन अंगणांचंही डेल्बर्टने त्या सोमवारीच साहेबांना कळवलं होतं. पण तिथली माती यंत्र सकाळीच झाडांसकट उपसून आलं होतं. एकात लिंबू होतं, दुसऱ्यात डाळिंब. तिथल्या माणसांनी कागदावर विश्वास ठेवला आणि ती बाजूला झाली. त्यांचं काय चुकलं?

म्हणून विनवते, मित्रांनो. मला धुतल्याशिवाय पुढे नेऊ नका. आणि मी तुमच्या अंगणात आले, तर कागद मागण्याआधी माझं पातं बघायला मागा.