हंड्यामागची भिंत

आमचे जावई मकरंदराव बाळाला शर्टाच्या आत घालून झोपाळ्यावर बसत. आत म्हणजे अगदी आत. वरची चार बटणं उघडी, बाळ उघड्या छातीला चिकटलेलं, वरून माझी शाल, आणि चेहरा लग्नात मुंडावळ्या बांधून बसले होते तेवढाच गंभीर. डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगितलं होतं: आईच्या नाहीतर बापाच्या अंगाची ऊब, जमेल तितका वेळ. समोरच्या घरातल्या कावेरीअक्का एकदा विरजण मागायला आल्या, झोपाळ्याकडे पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेल्या.

बाळ तीन आठवडे आधीच आलं होतं, नोव्हेंबरच्या अखेरीला. दोन किलो पन्नास ग्रॅम. आमच्या प्रणिताचं पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, येलहंक्याला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"अम्मा, हिला थंडी लागली तर प्यालेलं दूध अंगाला लागणार नाही. अंग गरम ठेवण्यातच संपून जाईल. ऊब ठेवा. पण खोलीत धूर अजिबात नको."

दर मंगळवारी वजन करायचं. आठवड्याला दीडशे ग्रॅम तरी वाढायला हवं, नाहीतर पुन्हा दाखल करू, म्हणाल्या.

पहिल्या मंगळवारी चाळीस ग्रॅम वाढलं.

बेंगळूरच्या थंडीला पुण्याची माणसं हसतात. हसोत. पण यंदा तिकडे समुद्रात कुठलंसं वादळ येऊन बसलं आणि इकडे आम्हाला चार दिवस सूर्य दिसला नाही. भुरभुर पाऊस, ओलं वारं, घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर न वाळणारी दुपटी. गच्चीवरचं सोलर थंडगार. विजेचा हीटर आणला होता, पण आमच्या गल्लीत पावसाचे चार थेंब पडले की करंट जातो. आला की तासभर, गेला की दिवसभर.

म्हणून मी हंडे पेटवलं. जुन्या घरांत असतं ते: न्हाणीघराच्या भिंतीत बसवलेलं तांब्याचं मोठं पोटाळ भांडं, खाली चूल, आणि चुलीचं तोंड मागच्या अंगणात. लाकूड बाहेरून घालायचं, धूर बाहेरच जातो, आत फक्त गरम पाणी. सोलर आल्यापासून पाच वर्षं ते बंदच होतं. आमच्या ह्यांनी, बसवंतनी, त्याच्यात कुदळ-फावडी ठेवली होती.

लाकडाचा प्रश्न नव्हता. हे एकतीस वर्षं पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होते. रिटायर झाले तरी जुने दोस्त यंत्रांच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या ह्यांच्यासाठी बाजूला ठेवतात. ह्यांना त्यांचा फार अभिमान. "परदेशी लाकूड आहे," असं प्रत्येक फळीवर थाप मारून सांगायचे.

आमची गंगव्वा रोज सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. मूळची निपाणीकडची, निम्मं येलहंका तिच्या मांड्यांवर न्हाऊन मोठं झालंय. तिने हंड्यातलं वाफाळतं पाणी पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, आता कसं बाळंतपण वाटतंय बघा. त्या सोलरच्या पान्यानं भांडी घासावीत."

हे ऐकून मी फुगले. तिथेच चुकलं.

आमच्याकडे न्हाणं झालं की शेक असतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा-बाळंतशेपा टाकायचा, आणि दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. माझ्या आईने माझ्यासाठी केलं, तिच्या आईने तिच्यासाठी. आता ओवा-शेपा टाकला तर धूर होणार, म्हणून तो मी वगळला. डॉक्टरीणबाईंनी धूर नको म्हटलं होतं. लाल फुललेल्या निखाऱ्यांना धूर कुठे असतो? इतकी सरळ वजाबाकी. गुरुवारी दुपारी हंड्याखालून रसरशीत निखारे काढले, शेगडी भरली, प्रणिताच्या बाजेखाली सरकवली आणि खिडकीच्या फटीत जुनं लुगडंसुद्धा कोंबलं. खोली पाच मिनिटांत अशी उबदार झाली की मला माझं कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने प्रणिता म्हणाली, "आई, डोकं जड झालंय गं."

"बाळंतिणीचं डोकं जडच असतं," मी म्हटलं.

हे वाक्य मला अजून आठवतं. भाजी चिरताना, दोरीवरची दुपटी काढताना, कधीही.

मकरंदराव मूळचे पुण्याचे, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ह्या माणसाला कशाचंही मोजमाप केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्या बॅगेत हवा मोजायचं एक यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं, पांढरं. त्या दिवशी नेमके ऑफिसमधून लवकर आले, बाळाला घ्यायला खोलीत पाऊल टाकलं, आणि यंत्र बॅगेतूनच किंचाळायला लागलं.

पुढचं एका दमात झालं. त्यांनी खिडकी उघडली, लुगडं भिरकावलं, बाळाला उचलून व्हरांड्यात नेलं, प्रणिताला हाताला धरून बाहेर आणलं. शेगडी मी उचलली, अंगणात नेली आणि तिच्यावर बादली उलटी केली. बाळ रडलं. खणखणीत रडलं. तो आवाज ऐकतच मी दवाखान्याची फाइल घेतली. लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं, दोन तास ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, वेळेवर बाहेर काढलंत, दोघी बऱ्या आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अम्मा, निखाऱ्यातून निघतो तो वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. धुराचं बरं, निदान डोळ्यांत तरी जातो."

घरी आल्यावर मकरंदराव माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आई, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे."

पुण्याचा माणूस इतक्या मऊ आवाजात बोलायला लागला की समजावं, निर्णय झालेला आहे.

"शनिवारी आम्ही आमच्या फ्लॅटवर जातो. तिथे देवनहळ्ळीला जनरेटर आहे, हीटर चोवीस तास चालेल. मी सुट्टी काढतो."

"आणि न्हाऊमाखू? जेवण? ती ओली बाळंतीण आहे..."

"बघू काहीतरी. बाई शोधतो."

मी प्रणिताकडे पाहिलं. ती चटईची काडी उसवत होती. हे म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे, त्यांचं पोर आहे, त्यांना ठरवू दे." आणि अंगणात जाऊन उगीच परदेशी लाकूड रचत बसले.

मी भांडले असते तर बरं झालं असतं. पण कुठल्या तोंडाने भांडणार? सव्वा महिना तिला माझ्या हातचं डिंक-अळीव घालायचं, दुपट्यातून एक बोट बाहेर काढून झोपणारं बाळ मांडीवर घ्यायचं, म्हणून मी सहा महिने तयारी करत होते. आणि नऊ दिवसांत मी स्वतःच ते गमावलं होतं.

शुक्रवारी सकाळी गंगव्वा न्हाऊ घालून गेली. मी प्रणिताची बॅग काढायला अडगळीच्या खोलीत गेले. न्हाणीघराला लागून असलेली लहानशी खोली ती. ह्यांचे पाने-पकडी, जुना टीव्ही, माझ्या लग्नातली ट्रंक. ट्रंकेमागे, भिंतीला पाठ लावून, आमची मांजर झोपली होती. चार दिवस घरात दिसली नव्हती. दुधाला तेवढी यायची आणि गायब व्हायची. मला वाटलं होतं, बाळाच्या रडण्याला कंटाळली.

"उठ गं भवाने," म्हणत मी ट्रंक सरकवली आणि तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकला.

भिंत गरम होती. चटका नव्हे. झोपेतून उठलेल्या माणसाचा गाल लागतो ना हाताला, तशी.

त्या भिंतीच्या पलीकडे हंड्याची चूल. रोज पहाटे पेटलेली. या घरात पस्तीस वर्षं काढली, पण ही खोली नेहमी सामानाने भरलेली, त्या भिंतीला कुणी कधी हातच लावला नव्हता. मांजरीने तेवढा लावला.

मी प्रणिताला हाक मारली. तिने तळहात टेकला, मग गाल टेकला, आणि तशीच डोळे मिटून उभी राहिली. "मकरंद," ती तिथूनच ओरडली, "तुझं ते किंचाळणारं घेऊन ये!"

मकरंदरावांनी तासभर त्या भिंतीची परीक्षा घेतली. यंत्र जमिनीवर ठेवलं, ट्रंकेवर ठेवलं, खिडकी लावून ठेवलं, उघडून ठेवलं. शून्य. मग उदबत्ती पेटवून भिंतीच्या कडेकडेने फिरवली. एका जागी, टीव्हीमागे, उदबत्तीचा धूर वाकडा झाला.

"इथे फट आहे. पलीकडून हवा येतेय."

ह्यांनी आतापर्यंत दारात उभं राहून तोंड वाकडं केलं होतं. फट म्हटल्यावर मात्र कारागीर जागा झाला. माती कालवली, फट दोन्ही बाजूंनी लिंपली, वर सिमेंटचा हात फिरवला. उदबत्ती पुन्हा फिरली. धूर सरळ वर गेला.

"भिंतीला पूर्ण तापायला तीनेक तास लागत असतील," मकरंदराव वहीत लिहीत म्हणाले. "आणि रात्रीपर्यंत ऊब सोडत राहील. बाहेर सतरा आहे. इथे सव्वीस."

"मग?" प्रणिताने विचारलं.

"मंगळवारपर्यंत बघू. वजन वाढलं तर ठीक. यंत्र मात्र चोवीस तास इथेच राहील. आणि शेगडी..."

"शेगडी मी गंगव्वाला देऊन टाकली," मी म्हटलं. "तीसुद्धा अंगणातच वापरायची, या अटीवर."

अडगळ व्हरांड्यात आली, बाज अडगळीच्या खोलीत गेली. एवढ्यात मकरंदरावांचं लक्ष लाकडांकडे गेलं. एक फळी उचलून त्यांनी तिचं टोक ह्यांना दाखवलं. हिरवट डाग होता.

"अप्पा, याला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असावं. हे जाळू नये."

"एकतीस वर्षं पीण्यात काढली मी," हे म्हणाले. "मला लाकूड शिकवू नका."

"लाकूड नाही हो, रंग दाखवतोय."

"जरा स्वल्प हिरवं आहे, त्यात काय एवढं?"

"अप्पा," प्रणिता आतून म्हणाली, "चुलीत फळ्या सारताना गंगव्वाचे डोळे रोज चुरचुरतात. तिने तुमची भीड धरली म्हणून बोलली नाही."

ह्यांनी फळी मकरंदरावांच्या हातातून घेतली. मग एकेक करून सगळ्या परदेशी फळ्या त्यांनी कुंपणाच्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. जड मनाने. एकीदोघींवर थापही मारली.

म्हणजे आता भिंत होती आणि लाकूड नव्हतं. शनिवारी सकाळी मकरंदराव गाडी घेऊन देवनहळ्ळीला निघाले. मला म्हणाले, फ्लॅटवर काम आहे. मी समजले: तयारी करून ठेवणार, मंगळवारी काही कमी-जास्त झालं तर असावी म्हणून. बॅग तशीच अर्धी भरलेली, हॉलमध्ये कोपऱ्यात उभी होती. येता-जाता माझा पाय तिला लागत होता.

दुपारी गाडी परत आली ती मागून बसलेली, नाक वर. डिकीत लाकूड, मागच्या सीटवर लाकूड. ज्या गाडीत चप्पल झटकून बसावं लागतं, त्या गाडीत! त्यांच्या फ्लॅटशेजारी एका शेताचे प्लॉट पाडलेत. तिथली मोठी चिंच गेल्या उन्हाळ्यात तोडली होती, तिचे ओंडके ठेकेदाराच्या पत्र्याखाली वाळत पडले होते.

"चिंच संथ जळते," मकरंदराव हात झटकत म्हणाले. "वॉचमननी सांगितलं. आणि अप्पा, तुम्ही पण एकदा बघून घ्या. मला लाकडातलं कळत नाही."

ह्यांनी ओंडका उचलला, नखाने खरवडला, कानाशी धरून बोटाने वाजवला. बराच वेळ घेतला.

"चालेल," म्हणाले.

रविवार, सोमवार मी पहाटे पाचला उठून चूल पेटवली, आठपर्यंत भिंत जागी होई. प्रणिता भिंतीकडे पाठ करून पाजायला बसे. ती जेवायला उठली की मकरंदराव बाळाला शर्टात घेऊन त्याच भिंतीला टेकत, आणि दहा मिनिटांत तिघंही झोपत: बाप, बाळ, आणि त्यांच्या पायाशी, जागा बळकावल्याबद्दल रुसलेली मांजर. आम्ही तिला हाकलायचो, ती परत यायची. बाळाने ओरडायचं सोडून नुसतं आळस द्यायला सुरुवात केली, आणि बाळाच्या टाचा माझ्या हाताला पहिल्यांदाच गरम लागल्या.

मंगळवारी दवाखान्यात मी आत गेले नाही. बाहेर बाकावर बसून पर्सचा बंद उघडत-मिटत राहिले. प्रणिता बाहेर आली ती हसू दाबत.

"किती?"

"तूच सांग."

"प्रणिता, मार खाशील."

"एकशे नव्वद."

घरी आलो तर गंगव्वा पायरीवर वाट पाहत बसलेली. आकडा ऐकून तिने बाळावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "एकशे नव्वद न्हवं, पोरगी पाव शेर वाढलीया. माझ्या हाताला कळतंय, त्या काट्याला काय कळतंय?"

मी बाळाला भिंतीशी निजवून बाहेर आले. मकरंदराव हॉलमध्ये त्या अर्ध्या भरलेल्या बॅगेसमोर उभे होते. त्यांनी ती उघडली, आतली दुपटी काढून माझ्या हातात दिली, आणि चेन लावली.

"आई, स्टूल कुठे आहे? ही माळ्यावर टाकतो."

"पडाल," मी म्हटलं. "थांबा, मी धरते."